प्रोसेस मायनिंगसाठी सॉफ्टवेअर घ्यावं की एसक्यूएलवर भागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हेंडरची बिलं उशिरा निघतात, ईआरपीमध्ये (कंपनीचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पीओपासून, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरपासून, पेमेंटपर्यंतच्या सगळ्या नोंदी आहेत आणि साहेबांनी ‘प्रोसेस मायनिंग करून बघा’, म्हणजे या नोंदींवरून काम प्रत्यक्षात कसं चालतं ते शोधा, म्हणून सांगितलंय. त्यासाठी लायसन्स घ्यावं लागेल का?

सुरुवातीला तरी नाही. एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेवर, बरंच काम होतं. लॉगला (घडलेल्या गोष्टींच्या यादीला) तीन कॉलम पुरतात: केस कोणती, काय घडलं आणि कधी घडलं. केसप्रमाणे पार्टिशन (गट), वेळेप्रमाणे ऑर्डर आणि त्यावर लॅग फंक्शन लावलं की प्रत्येक नोंदीसमोर तिच्या आधीची नोंद येते. अशा जोड्यांवर ग्रुप बाय करून काउंट आणि मीडियन काढा. महागड्या टूलमध्ये बाणांचा जो नकाशा दिसतो, त्याच्या मुळाशी हेच असतं. (सरासरीवर विसंबू नका. वर्षभर अडकलेली चार बिलं अख्खा आकडा बिघडवतात.)

खरी डोकेदुखी पुढे आहे: केस म्हणजे काय धरायचं? एका पीओत दहा लाइन (प्रत्येक वस्तूची एक ओळ), माल तीन हप्त्यांत, बिलं दोन. पीओ नंबर केस धरलात तर एका लाइनचं जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) दुसऱ्या लाइनच्या बिलामागे उभं राहील आणि कधी घडलेलाच नाही असा क्रम रिपोर्टमध्ये दिसेल. सरावासाठी ‘बीपीआय चॅलेंज २०१९’ या प्रोसेस मायनिंगच्या स्पर्धेचा डेटा फुकट उतरवता येतो. नेदरलँड्समधून काम करणाऱ्या एका मोठ्या रंग कंपनीच्या खरेदीचा तो लॉग आहे. त्यात केस म्हणजे पीओची एक लाइन. सुमारे ७६ हजार पीओंमधून अडीच लाखांवर केसेस आणि जवळपास १६ लाख नोंदी. तुमचा मामला अगदी हाच आहे, त्यामुळे आधी क्वेरी त्यावर चालवून हात बसवा.

तारखांचा धडाही त्याच लॉगमध्ये मिळतो. डेटा २०१८ च्या पीओंचा, पण काही नोंदींवर साल चक्क १९४८! व्हेंडरने बिल केल्याच्या नोंदी रात्री ११:५९ च्या दिसतात, कारण बिलावर नुसती तारीख असते, वेळ नसते. म्हणजे त्याच दिवशी दुपारी माल आला आणि बिलही त्याच दिवसाचं असलं, तर ‘आधी काय’ हे लॉग सांगूच शकत नाही. तुमची ईआरपी सॅप असेल तर एकाच बिलाला तीन तारखा सापडतील: बिलावरची, पोस्टिंगची आणि प्रत्यक्ष एंट्रीची. कामाचा वेग मोजायचा असेल तर एंट्रीची घ्या. पोस्टिंगची तारीख महिनाअखेरीला मागेपुढे केली जाते, हे अकाउंट्समधला कोणीही सांगेल.

आता ‘उशीर’. बिल एंट्री ते पेमेंट हा काळ काढून ‘बघा, ५० दिवस लागतात’ असं मीटिंगमध्ये सांगू नका. क्रेडिट पिरियडच ६० दिवसांचा असेल तर ते पेमेंट वेळेच्या आधी झालंय. ड्यू डेट जोडून घ्या आणि तिच्याशी तुलना करा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर हिशोब आणखी बदलतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे घड्याळ बिल एंट्रीपासून नाही, माल स्वीकारल्यापासून सुरू होतं. स्टोअर्सने जीआरएन आठवडाभर टेबलावर ठेवलं तर तो आठवडा सिस्टिमला दिसतच नाही. म्हणून गेट एंट्रीचा लॉग मिळाला तर जरूर जोडा. माझ्या अनुभवात अकाउंट्सच्या नावावर फाडलेली बरीच बिलं मुळात स्टोअर्समध्येच रखडलेली असतात.

एक सावधगिरी. बिल जीआरएनच्या आधी दिसलं की चूक, असं सरसकट धरू नका. काही मालाचं बिल आधी चढवतात, त्यावर पेमेंट ब्लॉक (पैसे देण्यावर अडसर) लागतो आणि माल आल्यावर तो निघतो. सर्व्हिसच्या टू-वे मॅच (बिल फक्त पीओशी ताडून बघायच्या) पीओंना जीआरएन नसतंच. आधी प्रकारवार फिल्टर, मग क्रम तपासा. प्रत्येक प्रकारात एसक्यूएलमधलं नॉट एक्झिस्ट्स वापरून ‘जे घडायला हवं होतं पण घडलंच नाही’ ते शोधा. अनुभवी ऑडिटर पहिलं तेच मागतो.

एसक्यूएल कुठे अडतं? ‘ब्लॉक निघाला, मग किंमत बदलली, मग पुन्हा ब्लॉक’ असे वळसे शोधताना लॅगवर लॅग चढत जातो. डेटाबेस ओरॅकल किंवा स्नोफ्लेक असेल तर त्यातलं मॅच रेकग्नाइझ वापरा, पॅटर्न सरळ लिहिता येतो. नसेल तर पायथनमधली पीएमफोरपाय ही लायब्ररी फुकट आहे. लायसन्सचा विचार तेव्हा करा, जेव्हा हेच रिपोर्ट दर आठवड्याला पाच प्लांटना पाठवायची वेळ येईल आणि दर वेळी क्वेरी चालवायला तुम्ही एकटेच असाल.