छोट्या रेडिओ केंद्रासाठी कार्यक्रम आणि बातम्या: रीतसर काय वापरता येतं?

तुमचा प्रश्न असा: कमी शक्तीचा ट्रान्समीटर, सोबत इंटरनेट स्ट्रीम, जाहिराती नाहीत, त्यावर जुन्या श्रुतिका, आवडते पॉडकास्ट आणि दर तासाला एखाद्या मोठ्या वाहिनीचं बातमीपत्र लावलं तर चालेल का? बातमीपत्राचं उत्तर आधीच देतो: लेखी परवानगीशिवाय अजिबात लावू नका. फुकट ऐकायला मिळतं म्हणून प्रसारणाचा हक्क मिळत नाही, आणि केंद्र हौशी आहे म्हणून सूटही मिळत नाही. पण रीतसर मिळण्यासारखं इतकं आहे की दिवसभराचं वेळापत्रक आरामात भरेल.

जुन्या श्रुतिकांबाबत सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहात त्यांचे ढीग आहेत आणि बऱ्याच पानांवर 'पब्लिक डोमेन' (म्हणजे कुणाचाही कॉपीराइट नसलेलं, सगळ्यांना मुक्त) लिहिलेलं असतं. ते बहुधा फाइल चढवणाऱ्याने लिहिलेलं असतं, हक्कदाराने नव्हे. अमेरिकेत २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मुदती ठरवून दिल्या. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली. १९२३ ते १९४६ मधल्यांना १०० वर्षं आणि १९४७ ते १९५६ मधल्यांना ११० वर्षं संरक्षण आहे. म्हणजे तिथलं रेडिओ नाटक जेव्हा भरात होतं, तो बहुतेक सगळा काळ अजून बंदिस्त आहे. शिवाय संहितेचे आणि पार्श्वसंगीताचे हक्क वेगळे असतात ते असतातच.

त्याऐवजी लिब्रिव्हॉक्स या मोफत बोलत्या पुस्तकांच्या संकेतस्थळाकडे वळा. २००५ पासून तिथले स्वयंसेवक पुस्तकं वाचतात आणि ध्वनिमुद्रण पब्लिक डोमेनमध्ये सोडतात. अनेक आवाजांतली नाट्यवाचनं शोधा, ती रेडिओवर फार छान उठतात. एक पथ्य मात्र पाळा. मूळ पुस्तक मुक्त आहे की नाही हे ते अमेरिकन कायद्यानुसार तपासतात. तुमच्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० किंवा ७० वर्षं हक्क टिकत असतील, तर लेखकाचं आणि अनुवादकाचंही मृत्युवर्ष बघून घ्या. अनुवादकाला बरेच जण विसरतात.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर आधीच वापराची परवानगी दिलेले, कार्यक्रम घेताना परवान्याचा प्रत्येक शब्द वाचा. 'डेमोक्रसी नाऊ!' हा अमेरिकन कार्यक्रम चांगलं उदाहरण आहे. रोजचा तासाभराचा बातम्यांचा कार्यक्रम, आणि त्याच्या लिखित प्रतीखाली परवाना स्पष्ट दिलेला असतो: श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको, फेरफार नको. त्याखाली आणखी एक वाक्य असतं, की कार्यक्रमात वापरलेल्या काही गोष्टींचे परवाने वेगळे असू शकतात. 'फेरफार नको' याचा अर्थ तुमच्या पंचवीस मिनिटांच्या जागेत बसवायला तो कापायचा नाही. पूर्ण लावा, नाहीतर त्यांना विचारा. आणि उद्या खर्च भागवायला जाहिरात घेतलीत, तर 'व्यावसायिक वापर नको' ही अट लगेच आड येईल.

रेडिओफोरऑल या संकेतस्थळावर सामुदायिक केंद्रांचे कार्यक्रम मिळतात. तिथे वापराच्या अटी कार्यक्रमागणिक बदलतात, तेव्हा एकाच मालिकेचा प्रत्येक भागही तपासून घ्या. जिंगल आणि ध्वनिपरिणामांसाठी फ्रीसाउंड हे संकेतस्थळ आहे. त्यातलं सीसी-झीरोचं, म्हणजे निर्मात्याने सगळे हक्क सोडून दिलेलं, साहित्य सगळ्यांत बिनघोर.

पॉडकास्टसाठी सरळ पत्र लिहा. छोटे पॉडकास्टवाले बहुधा आनंदाने हो म्हणतात, फक्त विचारणं नेमकं हवं. कुठे लावणार (ट्रान्समीटर, स्ट्रीम की दोन्ही), किती वेळा पुनःप्रसारण, वेळेसाठी कापणार का, जाहिराती आहेत का आणि नंतर ऐकण्यासाठी फाइल साठवून ठेवणार का, हे सगळं पत्रात असू द्या. शेवटचा मुद्दा वेगळा विचारा, कारण प्रसारणाच्या परवानगीत साठवणुकीची परवानगी आपोआप येत नाही. त्यांच्या भागात व्यावसायिक गाणं असेल तर तेही विचारा. पॉडकास्टपुरता घेतलेला संगीताचा परवाना तुमच्या प्रसारणाला लागू होईलच असं नाही.

आता बातम्या. काही देशांत छोट्या केंद्रांना बातम्या देण्यावरच बंधनं असतात, म्हणून आधी तुमचे परवान्याचे नियम बघा. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी प्रसारणसेवेने स्वतः तयार केलेलं साहित्य अमेरिकेत पब्लिक डोमेन आहे, पण त्यात वृत्तसंस्थांचं काही आलं असेल तर तेवढं नाही. शिवाय २०२५ च्या मार्चपासून तिथलं काम विस्कळीत झालं, त्यामुळे रोजच्या बातमीपत्राची भिस्त त्यावर ठेवू नका. ग्लोबल व्हॉइसेस या बातम्यांच्या संकेतस्थळाचे लेख क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय-परवान्याखाली (अट एकच, श्रेय द्या) असतात. श्रेय देऊन ते वाचून दाखवता येतात.

पण माझं ठाम मत आहे की बातमीपत्र स्वतः करावं. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २(८) नुसार दिवसाच्या बातम्या आणि निव्वळ माहिती यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही. संरक्षण आहे ते मांडणीला. तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी जशीच्या तशी वाचू नका. दोन-तीन ठिकाणी पडताळा, मूळ पत्रक किंवा निवेदन शोधा आणि आपल्या शब्दांत लिहा. पाच मिनिटांच्या बातमीपत्राला साडेसहाशेच्या आसपास शब्द पुरतात. ऐकणाऱ्याला आपल्या परिसराची बातमी मोठ्या वाहिनीवर मिळत नाही, ती तुमच्याकडे मिळेल.

बाहेरचं बातमीपत्र आपोआप डाउनलोड करून लावणार असाल, तर ऑटोमेशनमध्ये (वेळापत्रकाप्रमाणे फाइली आपोआप वाजवणाऱ्या प्रणालीत) फाइलची वेळ तपासायची सोय करा. नवी फाइल आली नाही तर बहुतेक प्रणाली निमूट जुनीच वाजवतात आणि कालची बातमी आजची म्हणून जाते. ठरावीक तासांपेक्षा जुनी फाइल असेल तर ती वगळून संगीत लागेल असं करून ठेवा.

कागदपत्रांसाठी एक साधी तक्ता-फाइल पुरे: कार्यक्रमाचं नाव, निर्माता, कुठून घेतला, परवाना, कधी उतरवला, कधी लावला. परवान्याच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि परवानगीची ईमेल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. संकेतस्थळावरच्या अटी पुढे बदलतात, आणि फाइल घेतली त्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवायला तेवढाच पुरावा हाताशी असतो.