‘गुगलवर पहिला नंबर, नाहीतर पैसे परत’ आणि ‘१०० टक्के मनी बॅक’: अशा गॅरंटींना खरंच काही किंमत असते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगड तालुक्यात घरची बाग, गेल्या हंगामापासून स्वतःच्या वेबसाइटवरून मुंबई-पुण्याला हापूसच्या पेट्या पाठवता. एका एजन्सीने दोन गोष्टी सुचवल्या आहेत. तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर आणून देऊ, नाही आला तर पैसे परत, ही त्यांची तुम्हाला गॅरंटी. आणि तुम्ही तुमच्या साइटवर ‘१०० टक्के मनी बॅक गॅरंटी’चा शिक्का लावा, त्याने ऑर्डरी वाढतील, हा त्यांचा सल्ला. या दोन्हींचा नेमका अर्थ काय आणि त्यांवर किती विसंबायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

छोट्या उत्पादकांच्या वेबसाइट आणि जाहिराती हेच माझं काम आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो. पहिली गॅरंटी घेऊ नका. दुसरी जरूर द्या, पण तिचे शब्द बदलून.

कुठल्याही गॅरंटीची किंमत मी दोन गोष्टींवरून ठरवतो. ज्याची हमी दिली जाते आहे ते देणाऱ्याच्या हातातलं आहे का? आणि ते हुकलं तर त्याच्या खिशाला खरोखर झळ बसते का?

दुसऱ्या मुद्द्यासाठी एक जुना इंग्लिश खटला फार उपयोगी आहे. आपल्याकडेही करार कायदा शिकताना तो हमखास येतो. १८९१ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ची जाहिरात आली. नाकाने औषधी धूर ओढायचा हा रबरी चेंडू. दिवसातून तीनदा, दोन आठवडे, सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ, असं कंपनीने छापलं. लुईसा कार्लिल यांनी तो वापरला, त्यांना फ्लू झालाच आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनीचं म्हणणं पडलं की ही जाहिरातीतली नेहमीची भाषा, यातून कुठलाही करार होत नाही. अपील कोर्टाने डिसेंबर १८९२ मध्ये निकाल कार्लिलबाईंच्या बाजूने दिला. न्यायाधीशांनी बोट ठेवलं ते जाहिरातीतल्याच एका वाक्यावर: आमचा प्रामाणिकपणा दाखवण्यासाठी एक हजार पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत. पैसे बाजूला काढून ठेवल्याचं जो स्वतः सांगतो, त्याला मग ते नुसतं बोलणं होतं असं म्हणता येत नाही.

हाच प्रश्न तुमच्या एजन्सीला विचारा. पैसे कुठे आहेत? तुम्ही लिहिलंय की ते सगळी रक्कम आगाऊ मागतात. म्हणजे पैसे त्यांच्याकडे, आणि हुकलं तर पाठपुरावा करणार तुम्ही.

आता पहिला मुद्दा, हातात काय आहे हा. गुगलने वेबसाइटवाल्यांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि अशी हमी देणाऱ्यांपासून किंवा गुगलशी आपले खास संबंध आहेत असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. शिवाय शोधणारा ठाण्यात बसलाय की कोल्हापुरात, यावरही निकाल बदलतात, त्यामुळे सगळीकडे एकच असा ‘पहिला नंबर’ नसतोच.

मग अशा गॅरंट्या पुऱ्या कशा केल्या जातात? सगळ्यात सोपी वाट म्हणजे शब्द एजन्सीनेच निवडायचे. ‘देवगड हापूस ऑनलाइन’ यावर मोठमोठे विक्रेते बसलेत. पण तुमच्या वाडीचं नाव, तुमचं आडनाव आणि पुढे ‘हापूस आंबा घरपोच’ असं कोणीच शोधत नाही, तिथे तुमची साइट आपसूक पहिली येते. एजन्सी स्क्रीनशॉट पाठवते आणि गॅरंटी कागदावर पूर्ण होते. दुसरी वाट म्हणजे गुगलला पैसे देऊन जाहिरात वर आणायची. तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं आणि पैसे संपले की ती गायब होते. तिसरी वाट मला सगळ्यात जास्त खटकते. दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक पैसे देऊन लावून घ्यायच्या, कारण गुगल अशा लिंकना शिफारशीसारखं धरतं. हे गुगलच्या स्पॅमविरोधी नियमांत बसत नाही. पकडलं गेलं तर साइट खाली ढकलली जाते, कधी निकालांतून पूर्ण निघून जाते, आणि तोवर एजन्सीचा करार संपलेला असतो.

करारातलं ‘पैसे परत’चं कलमही शब्दन् शब्द वाचा. बऱ्याचदा त्यात सुरुवातीचं शुल्क परत मिळत नाही, किंवा नंबर येईपर्यंत आम्ही फुकट काम करत राहू एवढंच लिहिलेलं असतं. समजा पूर्ण रक्कम परत मिळाली, तरी तुमचा हंगाम मार्च ते मे. तीन महिन्यांची मुदत संपली तेव्हा आंबा संपलेला असेल. तो हंगाम कुठलंही कलम परत देत नाही.

एजन्सीकडून काम घ्यायचंच असेल तर त्यांच्या हातातल्या कामाची हमी घ्या: साइट मोबाइलवर झटकन उघडेल, प्रत्येक पेटीचा आकार, वजन आणि भाव स्पष्ट दिसेल, गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगल शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची माहिती) भरून होईल, अमुक तारखेपर्यंत अमुक पानं तयार असतील. पैसे महिन्याच्या कामाप्रमाणे द्या. डोमेन (साइटचा पत्ता), सर्च कन्सोल (साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) आणि बिझनेस प्रोफाइल ही खाती तुमच्याच ईमेलवर उघडा, त्यांना फक्त वापरायची परवानगी द्या.

आता तुमची स्वतःची गॅरंटी. इथे मात्र मला मनापासून वाटतं की ती द्यायलाच हवी, कारण हापूससारख्या फळाच्या विक्रीत तिला खरं वजन आहे. बाहेरून देखणं, पिवळंधमक फळ कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, निघतो, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाईकाला ते दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. त्यात कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यालाच कमी भाव देतो आणि चांगला माल विकणारा बाजारातून बाहेर पडतो. यावरच्या उपायांत त्याने गॅरंटीचा उल्लेख केला होता. तुमच्या बाबतीत हे अगदी चपखल बसतं. चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेलं फळ वेळेवर उतरवून, निवडून भरणाऱ्याला खराब फळाचे पैसे परत देणं परवडतं. मिसळ करून विकणाऱ्याला ते महिनाभरही झेपणार नाही. म्हणून ही हमी तुमच्या आणि त्याच्या पेटीतला फरक गिऱ्हाईकाला दाखवू शकते.

आंबा कुठला याची खात्री वेगळी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं आहे. ते लावा. फळाच्या आत काय निघेल याची जबाबदारी मात्र तुम्हालाच घ्यायची आहे.

पण ‘साका निघणार नाही’ अशी हमी कधीही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. साका निघालेल्या फळाचे पैसे परत देणं पूर्ण तुमच्या हातात आहे, त्याची हमी द्या. आणि ‘१०० टक्के मनी बॅक’ एवढंच लिहू नका. हे वाचणारा साहजिकच समजतो की कुठल्याही कारणाने अख्ख्या पेटीचे पैसे परत मिळतील. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही असे शब्द त्याच अर्थाने घेतात: मागितल्यावर पूर्ण रक्कम द्यायची तयारी असेल तरच वापरा, अटी असतील तर ठळक सांगा.

अटी लपवल्या की काय होतं ते रॅपिडो या बाइक-रिक्षा मागवायच्या ॲपच्या प्रकरणात दिसलं. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये’ ही त्यांची जाहिरात दीड वर्षाच्या आसपास, १२० हून जास्त शहरांत चालली. प्रत्यक्षात मिळत होती ॲपमधली ‘पन्नास रुपयांपर्यंत’ची नाणी, ती फक्त बाइकच्या फेरीला आणि सातच दिवस चालत. अटींमध्ये तर गॅरंटी चालकाची आहे, कंपनीची नाही, असं म्हटलेलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीला १० लाख रुपये दंड केला आणि गिऱ्हाइकांचे पैसे देण्याचा आदेश दिला.

तुमच्या साइटवर मी साधारण असं लिहीन: ‘पेटी मिळाल्यापासून दहा दिवसांत एखादं फळ आतून खराब निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. त्या फळाचे पैसे दोन दिवसांत यूपीआयने परत करू. फळ परत पाठवायची गरज नाही.’ हे भावाच्या अगदी खाली, मोठ्या अक्षरात. आधी गेल्या हंगामाच्या तक्रारी बघून हिशोब मांडा. समजा शंभरात तीन फळं खराब निघतात, तर दहा हजारांच्या मालामागे तीनशे रुपये जातील. तेवढे भावात धरा आणि फोटो आला की वाद न घालता पैसे पाठवा. क्वचित एखादा माणूस खोटा फोटो पाठवेल, तेही त्याच खर्चात धरा.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये खोटी गॅरंटी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी मानली आहे, आणि तुम्ही विक्रेते म्हणून त्यात येता. उलट एजन्सीविरुद्ध तुम्हाला ग्राहक आयोगात जायचं झालं, तर सेवा धंद्यासाठी घेतली होती, म्हणून तुम्ही ग्राहक नाहीच, असा मुद्दा त्यांचा वकील आधी काढेल. शब्द कोणते, मोजमाप कसं आणि पैसे किती दिवसांत परत, हे फोनवर ऐकून हो म्हणू नका. सहीच्या करारात आलं तरच पुढे जा.