साबण-क्रीमचा साईड बिझनेस आणि प्रायव्हेट लिमिटेडची घाई

आधी तिचा प्रश्न थोडक्यात सांगते. वय २६, आयटीत नोकरी. दोन वर्षांपासून घरी हाताने साबण आणि फेस क्रीम बनवते, इन्स्टाग्रामवर विकते, महिन्याला ४० हजारांच्या आसपास विक्री होते. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईक बाईंच्या चेहऱ्यावर क्रीम लावून पुरळ उठलं, त्यांनी फोटो, डॉक्टरचं बिल आणि "कन्झ्युमर कोर्टात जाणार" असा मेसेज पाठवला. काका म्हणतात लगेच प्रायव्हेट लिमिटेड काढ, भावाला ५० टक्के दे, म्हणजे घरावर काही येणार नाही. पण ऑफर लेटरमध्ये लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय किंवा डायरेक्टरपद घ्यायचं नाही असं कलम आहे. तिने विचारलंय, "ताई, कंपनी काढली की मी सेफ ना?"

अगं, या बाईंच्या तक्रारीपुरतं तरी नाही, आणि तू पुढच्या आठवड्यात फॉर्म भरायला निघालीस म्हणून हे आधी सांगतेय. त्यांनी क्रीम घेतलं तेव्हा विकणारी तू होतीस, यूपीआयचे पैसे तुझ्या पगाराच्या खात्यात आले, पार्सलवर तुझं नाव होतं. उद्या जन्माला येणारी कंपनी कालच्या विक्रीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेत नाही.

घराचं म्हणशील तर तू लिहिलंयस की फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. तुझ्या धंद्याच्या देण्यापायी बाबांच्या मालकीच्या घरावर जप्ती येत नाही, ते जामीन राहिले असतील किंवा भागीदार असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून कोणी स्वस्तात पडेल म्हणून बाबांबरोबर साधी पार्टनरशिप फर्म करायला सांगितलं तर अजिबात करू नकोस, १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसह जबाबदार असतो, म्हणजे जे घर आज सुरक्षित आहे ते तू स्वतःच्या हाताने मध्ये ओढशील.

आता मर्यादित जबाबदारी म्हणजे नक्की काय ते नीट समजून घे. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती, हे इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या केसमध्ये पक्कं झालं आणि आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं. तेलवाल्याचं बिल थकलं, जागेचं भाडं थकलं, तर देणं कंपनीचं, तुझं नुकसान शेअर्समध्ये घातलेल्या पैशापुरतं. पण बँकेकडे लोन मागायला गेलीस की बँक डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी घेते, तिथे त्या लोनपुरती मर्यादा संपली. आणि जे काम तू स्वतःच्या हाताने चुकीचं केलंस, किंवा ज्याला कायद्याने लायसन्स लागतं आणि ते न घेता केलंस, त्याला कंपनीची भिंत आड येत नाही.

तुझी खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. तू पाठवलेला डबीचा फोटो मी मोठा करून पाहिला. सुंदर हस्ताक्षर, सुतळीची गाठ, आणि खाली लिहिलंय "१०० टक्के केमिकल फ्री, एक्झिमा बरा होतो". बॅच नंबर नाही, तारीख नाही, लायसन्स नंबर नाही, पत्ता नाही. फेस क्रीम आणि अंगाचा साबण हे कायद्याने कॉस्मेटिक, आणि विकण्यासाठी कॉस्मेटिक बनवायला १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायदा आणि २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स याखाली उत्पादनाचं लायसन्स लागतं, ते राज्याच्या एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. घरचा किचन ओटा त्याला चालत नाही, वेगळी जागा लागते, पात्रता असलेला टेक्निकल माणूस लागतो. लायसन्सशिवाय बनवून विकणं कायद्याने मना आहे, आणि गुन्हा कंपनीने केला तर त्या वेळी कंपनीचा कारभार बघणारी व्यक्तीही दोषी धरली जाते असं त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणजे कंपनी काढूनही कारभार बघणारी तूच.

आणि "एक्झिमा बरा होतो" हे वाक्य तर आजच्या आज काढ. आजार बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू कॉस्मेटिक राहत नाही, औषध म्हणून बघितली जाते, त्याचे नियम याहून कडक. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे, त्यात उत्पादकाने जी हमी लिहून दिली ती वस्तूने पाळली नाही तर "माझा निष्काळजीपणा नव्हता" हे सिद्ध करूनही सुटका होत नाही. ते वाक्य तू प्रेमाने लिहिलंस मला कळतं, तुझ्या मावशीला खरंच फरक पडला असेल, पण कमिशनसमोर, म्हणजे त्याच कन्झ्युमर कोर्टात, तो कागद तुझ्या विरुद्ध वाचला जाईल.

याच्यावर मार्ग आहे, निराश होऊ नकोस. आधीच लायसन्स असलेल्या कारखान्यात तुझ्या फॉर्म्युल्याने माल बनवून घेता येतो, या लाईनमध्ये त्याला थर्ड पार्टी मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, किंवा त्यांच्या जागेवर तुझ्या नावाने लायसन्स घेता येतं, त्याला लोन लायसन्स म्हणतात. फॉर्म्युला देण्याआधी गुप्ततेचा करार कर. आणि प्रॉडक्ट लायबिलिटी इन्शुरन्सचं कोटेशन माग, पुरळ आलं, भरपाई मागितली, अशा वेळी पैशाचं जे संरक्षण तुला हवंय ते कंपनीपेक्षा त्या पॉलिसीत जास्त आहे.

नोकरीचं कलम. तू विचारलंस की डायरेक्टर भाऊ आणि शेअर्स माझे असं केलं तर एचआरला कळणार नाही ना. तसं करू नकोस गं. डायरेक्टरचं नाव एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणालाही दिसतं, शेअरहोल्डरची नावं वार्षिक रिटर्नमध्ये जातात आणि तीही फी भरून बघता येतात. आणि कलमात "दुसरा व्यवसाय" हे शब्द आहेतच, त्यामुळे आत्ताची विक्रीसुद्धा त्यात येते. साधा ईमेल लिही: कोणता व्यवसाय आहे, ऑफिसच्या वेळेत करत नाही, ऑफिसचा लॅपटॉप वापरत नाही, ऑफिसच्या कामाशी स्पर्धा नाही, परवानगी द्यावी. साबणाला आयटी कंपनी सहसा अडवत नाही असा माझा अनुभव आहे, पण तोंडी "चालेल" वर थांबू नकोस, लेखी उत्तर सेव्ह कर.

लायसन्स आणि परवानगी हातात आली की मगच कंपनीचा विचार. भावाला ५० टक्के देण्याच्या मी ठाम विरोधात आहे. भाऊ चांगला आहे, मान्य, पण ५०-५० मध्ये एकमत झालं नाही तर कुठलाच ठराव पास होत नाही, आणि उद्या तुझं लग्न झालं, तू दुसऱ्या शहरात गेलीस, त्याची बायको आली, की हा अर्धा हिस्सा घराच्या जेवणाच्या टेबलावर येतो. हे मी केसेसमध्ये पाहिलंय आणि त्यात बहुतेक वेळा मेहनत करणारी मुलगीच बाहेर पडलेली आहे. प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन मेंबर, म्हणजे शेअरहोल्डर, आणि दोन डायरेक्टर लागतात म्हणून काका तसं म्हणत असतील, पण २०१३ च्या कंपनी कायद्यात वन पर्सन कंपनी आहे, सगळे ओपीसी म्हणतात, तिथे एकटी तूच मेंबर आणि तूच डायरेक्टर. फक्त एक नॉमिनी लेखी संमतीने द्यावा लागतो, तुला काही झालं तर मेंबरशिप त्याच्याकडे जाते, तो नंतर बदलताही येतो. आधी ५० लाख भांडवल किंवा २ कोटी टर्नओव्हर ओलांडला की ओपीसी सक्तीने बदलावी लागायची, एप्रिल २०२१ पासून ती अट गेली. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, हाही पर्याय, पण तिला दोन पार्टनर लागतातच.

खर्चाचं मात्र डोळे उघडून बघ. नोंदणी सोपी आहे, नंतरचं सांभाळणं अवघड. विक्री शून्य असली तरी कंपनीला दरवर्षी ऑडिट लागतं, एओसी-४ (वर्षाचे हिशोब) आणि एमजीटी-७ए (वार्षिक रिटर्न) हे फॉर्म भरावे लागतात आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन्ही फॉर्म वर्षभर विसरलीस तर ७३ हजार, म्हणजे तुझी जवळजवळ दोन महिन्यांची विक्री. सलग तीन वर्षं भरले नाहीस तर पाच वर्षांसाठी डायरेक्टर म्हणून अपात्र. एलएलपीला टर्नओव्हर ४० लाख आणि भांडवल २५ लाख यांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही, पण तिचेही वार्षिक फॉर्म आहेतच. तुझी वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत आहे, म्हणून सध्या मी तुझ्या जागी असते तर प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याची एकटी मालक, म्हणूनच राहिले असते, छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी केली असती जी सरकारी पोर्टलवर फुकट होते, वेगळं करंट अकाउंट उघडलं असतं, आणि इन्शुरन्स घेतला असता. कारखान्याशी मोठा करार किंवा दुकानाला उधारीवर माल असं सुरू झालं की त्या दिवशी ओपीसी.

जीएसटीचं सीएला विचार, कारण राज्याबाहेर करपात्र माल पाठवला की साधारणपणे ४० लाखांपर्यंतच्या विक्रीला असलेली नोंदणीची सूट लागू राहत नाही आणि तुझी पार्सलं बंगळुरूला जातात असं तूच लिहिलंयस. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून क्लास ३, म्हणजे साबण-कॉस्मेटिकच्या वर्गात, स्वतःच्या नावावर घे, व्यक्तीला ऑनलाईन फी ४,५०० रुपये आहे. कंपनीचं नाव रजिस्टर झालं म्हणजे ब्रँड आपला झाला असं नसतं.

आता त्या बाई. ब्लॉक करू नकोस, पोस्ट डिलीट करू नकोस. आज त्यांना लिही की तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, डॉक्टरचा कागद आणि उरलेलं क्रीम जपून ठेवा, तुमचे पैसे परत करते. चूक कबूल करणारं किंवा त्यांनाच दोष देणारं वाक्य नको. डॉक्टरचं बिल द्यायची तयारी असेल तर दे, पण तक्रार मिटली असं दोघींच्या सहीने लिहून घेऊन. त्यांना तक्रार करायला दोन वर्षं आहेत आणि ती त्या स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करू शकतात. कमिशनची नोटीस आलीच तर उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढे एक दिवसही मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, म्हणून पाकीट हातात आलं की त्यावर तारीख लिही आणि त्याच दिवशी वकील गाठ. आणि त्या बॅचच्या उरलेल्या डब्या विकायच्या नाहीत, फेकायच्याही नाहीत. सील करून, तारीख टाकून, थंड जागी ठेव, कारण क्रीममध्ये दोष नव्हता असं म्हणायची वेळ आली तर लॅबला पाठवायला तुझ्याकडे तेवढंच आहे.