फिंचचा पिंजरा फिनाईलने धुतला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा की गोरेगावला वन बीएचकेत झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांची जोडी आहे, पिंजरा गॅलरीत असतो, पाऊस सुरू झाल्यापासून कुबट वास यायला लागलाय आणि सासूबाई म्हणतायत फिनाईल टाकून एकदाचा धुऊन काढ.

नको, फिनाईल अजिबात नको. डेटॉल, लायझॉलपण नको. मी बरीच वर्षं फिंच पाळतेय, ओळखीतल्या कोणीही नवीन जोडी आणली की पहिलं हेच सांगते. कारण असं की पक्ष्यांच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुफ्फुसातून जात राहते, त्यामुळे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा (आणि हवेत जे काही असेल ते) त्यांच्या अंगात जातं. आणि तुमचा फिंच आहे जेमतेम १२-१५ ग्रॅमचा. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत विषारी गॅस कळावा म्हणून कॅनरी न्यायचे, १९८६ पर्यंत चालू होतं ते, आणि कॅनरी हासुद्धा असाच छोटासा पक्षी. आपल्याला नुसता 'स्वच्छ' वास येतो तेवढ्यात हे जीव गुदमरू शकतात.

आता वासाचं. फिंचच्या कोरड्या शिटेला वास जवळजवळ नसतोच. कुबट वास येतो तो ओल्या कागदाचा, भिजलेल्या बाजरीचा आणि बुरशीचा. म्हणजे फिनाईलने तो फक्त झाकला जाईल, बुरशी आहे तिथेच राहील. आणि ही बुरशीच खरी धोक्याची, ॲस्परजिलस नावाची बुरशी पक्ष्याच्या श्वासमार्गात गेली की बरं करणं फार अवघड होतं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली की सगळा जोर धुण्यापेक्षा वाळवण्यावर द्यायचा.

मी काय करते सांगते. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे पाच-सहा थर घालून ठेवते, रोज सकाळी वरचा एक गुंडाळून उचलायचा, खालचा तयारच असतो. पावसात मात्र खालचेही दमट लागले तर सगळे बदलायचे, आळस नाही करायचा. पाण्याची वाटी रोज घासायची, नुसतं पाणी बदलून चालत नाही, आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. बाजरी-राळ्याची वाटी वरून भरलेली दिसते पण अर्धी फोलपटंच असतात, ती फुंकून काढा, पण गॅलरीबाहेर फुंका, पिंजऱ्याजवळ नको.

आठवड्यातून एकदा पूर्ण धुणं. त्यासाठी एक छोटा जास्तीचा पिंजरा घेऊनच टाका, क्रॉफर्ड मार्केटला किंवा जवळच्या पेट शॉपमध्ये मिळतो. पक्षी हलवताना खोली थोडी अंधारी करा म्हणजे जास्त फडफडत नाहीत, आणि खिडक्या बंद, पंखा बंद, हे विसरू नका प्लीज. मग पिंजरा बाथरूममध्ये न्या, आधी त्यावर पाणी शिंपडा, वाळलेली शिट कोरडीच खरवडायची नाही कारण तिची धूळ आपल्या छातीत जाते. कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसं खराब होतात यावरून २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याचा केवढा वाद झाला आठवत असेल. दोन फिंचची घाण तेवढी नसते, पण घरात कोणाला दमा असेल तर मास्क लावाच.

शिटेतला पांढरा भाग युरिक ॲसिडचा, तो थंड पाण्यात विरघळत नाही. कडकडीत गरम पाणी, थोडं भांड्यांचं लिक्विड, दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा, आपोआप सुटतो. काठ्या उलट्या करून बघा, काठी जाळीत अडकते तिथल्या खाचेत आणि ट्रेच्या कडेच्या पन्हळीत सगळ्यात जास्त साचतं, जुना टूथब्रश तिथे कामाला येतो. चिकट डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. एखादा पक्षी आजारी पडून गेला असेल तरच ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, तेही घाण धुऊन झाल्यावर, दहा मिनिटं ठेवून मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो, पक्षीच काय तुम्हालाही त्रास होईल.

शेवटी कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली ठेवा, ऊन असेल तर उत्तमच. लाकडी काठ्या वरून कोरड्या वाटतात पण आतून ओल्या असतात, म्हणून दोन सेट ठेवा, एक वाळतोय तोवर दुसरा. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर हा सगळा कार्यक्रम पुढे ढकला, फक्त कागद आणि वाट्या करा.

हो, आणि गॅलरीत पिंजरा म्हणताय तर सोसायटीत डासांसाठी धूर मारायला येतात तेव्हा तो आतल्या खोलीत घेऊन खिडक्या लावून घ्या. डासांची कॉइल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर पण लांबच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरू शकतात, तेव्हा पिंजरा आत आणाल तो किचनजवळ ठेवू नका.

सासूबाईंना एवढंच दाखवा, आज ओला कागद काढून पिंजरा नीट वाळवा, वास दोन दिवसात जाईल. नाहीच गेला, किंवा शिट पातळ होऊन तिलाच वास येत असेल, पक्षी फुगून बसत असेल, श्वास घेताना शेपटी वरखाली होत असेल, तर थांबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्या, त्याच दिवशी.