स्केटबोर्ड सोडू की बीट्स?

प्रश्न: मी नाशिकला 11वी सायन्सला आहे. स्केटबोर्डिंग करतो, लॅपटॉपवर हिप हॉप बीट्स बनवतो. बाबा म्हणतात, दोन्हींतलं एक सोड. मला तर सायन्सच सोडावंसं वाटतंय.

उत्तर: यातलं काहीच सोडू नकोस. तुझे दोन्ही नाद एकमेकांच्या जवळचे आहेत. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीपासून हिप हॉपची सुरुवात मानतात. गाण्यातला नुसता ड्रमचा तुकडा तो दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर) लांबवत नेई. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात स्केटबोर्डला युरेथेन या प्लास्टिकची चाकं आली आणि पुढच्या दुष्काळात कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव पोरांनी ताब्यात घेतले. हाताशी असलेल्या वस्तूचा नवाच उपयोग करायचा, हे दोन्हीकडचं मूळ. 1997 मध्ये न्यूयॉर्कच्या झू यॉर्क या स्केटबोर्ड कंपनीने ‘मिक्सटेप’ या व्हिडिओत स्केटिंग आणि रॅप शेजारी शेजारी मांडलं. तुझं काम मला तिथेच दिसतं: चित्रीकरण, संकलन, ध्वनी.

आत्ताच सुरू कर. 90 बीपीएमची, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांची बीट घे. सेकंदाला 30 फ्रेम्सच्या व्हिडिओत तिचा एक ठोका बरोबर 20 फ्रेम्सचा होतो. स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक आवाज, दर चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, उडीनंतरचं लँडिंग तिथे बसव. टेलचा (बोर्डाच्या मागच्या टोकाचा) ‘टक्’ आणि चाकांची घरघर मात्र पुसू नकोस, निम्मी मजा त्यातच असते. फोनचा फ्रेम रेट बदलता असतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो. म्हणून संकलनाआधी क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घे.

संगीत स्वतःचंच वापर. दुसऱ्याच्या गाण्याला दोन परवानग्या लागतात, रचनेची वेगळी आणि ध्वनिमुद्रणाची वेगळी. सॅम्पललाही, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून उचललेल्या तुकड्यालाही, तेच. ‘काही सेकंद वापरले तर चालतं’ असा सरसकट नियम कायद्यात नाही, आणि पैसे देणारा ग्राहक हे आधी विचारतो.

स्पर्धेचा रस्ताही खरा आहे. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण मिळवलं. पण पोटापाण्यासाठी मी ध्वनी आणि संकलनावर जास्त भरवसा ठेवेन.

आता सायन्सचं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनीच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, आणि 12वीला फिजिक्स असावं लागतं. आज सायन्स सोडलंस तर ते दार बंद होईल. संकलनाला कोणतीही पदवी चालते. प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाच. बाबांना हा परिच्छेद दाखव आणि सोबत तुझ्याच बीटवर कापलेला एक मिनिटाचा व्हिडिओही.