इंदुरात ३० जानेवारीला सोसायटीत दोन मिनिटांचं मौन कसं पाळायचं?

पहिलं म्हणजे, हुतात्मा दिनाला सुट्टी नसते. त्यामुळे सगळ्यांना गेटपाशी बोलावण्यापेक्षा दुकानात, ऑफिसात जो जिथे आहे तिथेच उभा राहिला तरी चालतं. मूळ रीत तीच.

सरकारी वेळ अशी: १०:५९ ला भोंगा, ११ ला तो थांबला की मौन, ११:०२ ला पुन्हा भोंगा. भोंगा ऐकू येत नसेल तर वॉचमनची शिट्टी पुरे.

घोळ होतो तो मोजण्यात. मनातल्या मनात मोजणारा चाळीस सेकंदांतच ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा होतो! मोबाइलवर टायमर लावा, पण आधी फ्लाइट मोड, नाहीतर नेमका तोच वाजतो. गांधीजींच्या फोटोला हार १०:५० पर्यंत घालून ठेवा. भाषणं नंतर. आणि पोहे-जिलबी त्याहून नंतर.