रोटरच्या पात्यांना छिद्रं पाडली. याला 'सहज सुचण्याजोगं' म्हणून पेटंट नाकारतील का?

तुम्ही विचारलंय की आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडून वितळलेल्या ॲल्युमिनियममधला हायड्रोजन काढणाऱ्या ग्रॅफाइट रोटरच्या (फिरत्या चक्राच्या) पात्यांना छिद्रं पाडली, बुडबुडे बारीक झाले. पण तशी पाती सांडपाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांत आधीपासून आहेत, मग पेटंट मिळेल का?

एवढंच सांगितलंत तर बहुधा नाही. सांडपाण्याचं यंत्र वेगळ्या क्षेत्रातलं, ही सबब टिकणं कठीण, कारण द्रवात वायू बारीक फोडायचा हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये केएसआर खटल्यात हेच धरलं: ओळखीचे भाग ओळखीच्याच कामाला जोडले आणि अपेक्षेप्रमाणेच फळ मिळालं, तर तो शोध नव्हे. बुडबुडा बारीक झाला की वायूला धातूचा जास्त पृष्ठभाग मिळतो, हे भट्टीवर काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. रोटरचा वेग थोडा वाढवून चांगला आकडा गाठला, तर त्यालाही सहसा पेटंट नसतं.

पण मला तुमच्या शेवटच्या ओळीत जास्त रस आहे. वेग वाढवूनही वर भोवरा पडला नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अहो, खरी गोष्ट तीच असू शकते! भोवरा पृष्ठभागावरची ऑक्साइडची साय आत ओढतो, म्हणून सगळे वेग आवरतात किंवा कडेला भोवरा अडवणारी पाटी बसवतात. छिद्रांमुळे भोवराच पडत नाही, हे जाणकाराला आधी सुचलं नसतं असं दाखवता आलं, तर चित्र पालटतं.

1966 चा ॲडम्स खटला आठवा. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची, पाणी ओतल्यावर चालू होणारी बॅटरी. घटक सगळे जुने. पण जाणकारांना अशी बॅटरी चालेल असं वाटतच नव्हतं. पेटंट टिकलं.

म्हणून अर्जात भोवऱ्याला पुढे आणा. एकाच वेळी वितळवलेला धातू, तेच तापमान, तेवढाच आर्गॉन, फक्त रोटर बदललेला, अशा चाचण्या घ्या. कमी दाबाखाली गोठवलेले नमुने मधोमध कापून दोन्हींत हायड्रोजनमुळे पडलेली भोकं शेजारी शेजारी दाखवा, आणि धातूत अडकलेलं ऑक्साइड वेगळं मोजा. साध्या पात्यांनी त्याच वेगाला काय होतं, तेही अर्ज भरतानाच लिहा.